५२ वजा २७ बरोबर ३५! व्हिडिओ बघूनही पोरं हेच उत्तर काढतायत

पाड्यावरचा_मास्तर

नमस्कार मंडळी, दोन वर्षं नुसताच वाचतोय, आज पहिल्यांदा धागा काढतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी नाशिक जिल्ह्यात पेठ तालुक्यात जिल्हा परिषदेच्या दोन शिक्षकी शाळेवर आहे. पहिली आणि चौथी बाईंकडे, दुसरी आणि तिसरी माझ्याकडे. तिसरीत ११ पोरं. दिवाळी झाली की निम्म्या घरांतले आईबाप द्राक्षबागांच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे जातात, काही पोरं आजीजवळ राहतात, काही आईबापाबरोबर जातात आणि मग महिना दीड महिना शाळा बुडते. तेवढ्यात हातच्याची वजाबाकी येऊन जाते आणि परत आलेलं पोर वर्गात नुसतं बघत बसतं. म्हणून यंदा म्हटलं आपणच छोटे छोटे व्हिडिओ करून पालकांच्या ग्रुपवर टाकू, म्हणजे पोरगं बागेवर असलं तरी संध्याकाळी बापाच्या मोबाईलवर बघेल. पाठ्यपुस्तकातले क्यूआर कोड आहेत, दीक्षा या सरकारी अ‍ॅपवर पण भरपूर आहे, पण आमच्या पाड्यावर रेंज टेकडीवर चढल्यावर येते आणि शिवाय पोरांना आपल्या सरांचा आवाज ओळखीचा.

तर आतापर्यंत १४ व्हिडिओ केले. प्रत्येक साधारण ७-८ मिनिटांचा. मी फळ्याजवळ उभा, बाई मोबाईल धरतात, सुरुवातीला नमस्कार बालमित्रांनो, मग आजचा घटक, मग पाच उदाहरणं सोडवून दाखवतो, शेवटी घरचा अभ्यास. पोरांना जाम आवडतात हो! सर मोबाईलमध्ये दिसतात म्हणून दहा दहा वेळा बघतात, माझ्या नकला करतात, माझे डायलॉग पाठ झालेत त्यांचे.

आणि वहीत काय, तर ५२ - २७ = ३५. ४१ - १८ = ३७. ६० - २४ = ४४. ११ पैकी ७ जणांचं हेच.

सगळ्यात डोकं कशाने फिरलं सांगतो. एक पोरगी आहे, चुणचुणीत, तिला म्हटलं फळ्यावर करून दाखव. तिने अगदी माझ्या सुरात म्हटलं, "दोनातून सात जात नाहीत, म्हणून शेजारच्या दशकाकडून एक उसना घेतला", आणि एवढं म्हणून झाल्यावर खाली लिहिले ५, मग पाचातून दोन गेले तीन. ३५. आणि माझ्याकडे बघून हसली, बरोबर ना सर म्हणून. तोंड एक बोलतंय हात दुसरंच करतोय. आणि हीच पोरगी बाजाराच्या दिवशी आजीच्या भाजीच्या पाटीवर बसते, ३२ रुपयांच्या मालाला ५० ची नोट दिली तर क्षणात १८ परत देते, मी स्वतः बघितलंय.

तर प्रश्न असा की व्हिडिओ लांब होतायत का, मी दिसावं की नुसता फळा दिसावा, ते कार्टूनसारखं अ‍ॅनिमेशन शिकून घ्यावं का (भाचा शिकवतो म्हणाला), की मुळात व्हिडिओने वजाबाकी येतच नाही आणि मी उगाच रविवार वाया घालवतोय? ज्यांनी केलंय त्यांनी सांगा, कौतुक नको, चुका सांगा.

मीठभाकर

मास्तर, आधी एक सांगा, "दोनातून सात जात नाहीत" हे वाक्य कोण शिकवतं पोरांना? आपणच. आणि त्याच्या आधीच्या वर्षी "मोठ्यातून लहान वजा करायचं" हे पण आपणच शिकवतो. मी ३१ वर्षं हेच केलं, आता निवृत्त झाल्यावर कळतंय. पोराने दोन्ही वाक्यं इमानदारीत पाळली की, सात आणि दोन मधला मोठा कोण तर सात, सातातून दोन गेले पाच! ते बिचारं चुकत नाहीये, ते तुमचा नियम पाळतंय, फक्त ते उभं गणित त्याला दोन वेगवेगळी गणितं दिसतात, एककांचं एक आणि दशकांचं एक. ५२ हा एक आकडा आहे, बावन्न वस्तू आहेत, हे कुठे दिसतच नाही त्याला. तुमची तिन्ही उदाहरणं बघा, ३५, ३७, ४४, तिन्हीत चूक एकच आहे, वरखाली न बघता मोठ्यातून लहान काढलंय. सात पोरं सात प्रकारे चुकली असती तर मी म्हटलं असतं लक्ष नाही.

दुसरं ते "उसना". मला एका पोराने विचारलं होतं, बाई उसना घेतला तर परत कधी द्यायचा? आमच्या गावात वाटीभर साखर उसनी आणली तर दुसऱ्या दिवशी परत जाते. मला उत्तर देता आलं नाही, गप बस म्हटलं असणार मी त्याला. उसनं नसतंच ते, सुट्टे करणं असतं. दहाची नोट मोडून दहा सुट्टे. पुस्तकात पण दशक सुटा करणे असंच आहे, आपल्या तोंडात मात्र उसना बसलाय.

आणि ती भाजीवाली पोरगी ३२ चे ५० कसे करते विचारलंत का? मला खात्री आहे ती वजाबाकी करतच नाही. ३२ वर ८ टाकले ४०, आणि १० टाकले ५०, झाले १८. पुढे मोजत जाते. तिला विचारा आणि ती काय बोलते ते जसंच्या तसं रेकॉर्ड करा, तोच तुमचा १५वा व्हिडिओ.

रीळवाला

शिकवण्यातलं मला फार कळत नाही पण लग्नाचे आणि आता बरेच क्लासवाल्यांचे व्हिडिओ एडिट करून पोट भरतो, तर त्या बाजूने.

१. "नमस्कार बालमित्रांनो" कापा. शाळेचं नाव, केंद्र, तालुका, जिल्हा, मुख्याध्यापकांचे आभार, सगळं कापा. मी बघितलेल्या शिक्षकांच्या व्हिडिओत पहिली ४० सेकंद यातच जातात, काहींच्यात तर फिरणारा लोगो आणि तुतारी. पहिल्या सेकंदाला ५२ रुपये पडद्यावर पाहिजेत.

२. तुम्ही दिसू नका हो. राग मानू नका, पण पोरं तुम्हाला बघतायत, गणिताला नाही. फक्त हात दिसू द्या. मोबाईल वरून खाली बघणारा लावा. स्टँडला पैसे घालू नका, दोन बाजूला पाठ्यपुस्तकांच्या चळती ठेवा, त्यावर आडवी फूटपट्टी किंवा पाट, मोबाईलचा कॅमेरा कडेच्या बाहेर काढा, वर वजन म्हणून काहीतरी ठेवा नाहीतर फोन खाली (माझा पडलाय). खिडकीजवळ सकाळच्या उजेडात, उजेड डाव्या हाताने येऊ द्या म्हणजे लिहिणाऱ्या हाताची सावली आकड्यावर पडत नाही.

३. फळ्यावरचं लांबून काढलेलं व्हॉट्सअ‍ॅपवर गेलं की दाबलं जातं, कडा फाटतात, ३ चा ८ दिसतो. कोऱ्या कागदावर जाड मार्करने मोठं लिहा, एका व्हिडिओत एकच उदाहरण.

४. आवाज आधी नाही, नंतर. आधी हाताने सगळं करून शूट करा, मग ते बघत बघत बोला. गोधडी डोक्यावर घेऊन रेकॉर्ड केलं तर घुमत नाही, हसू नका, खरंच करतात. आणि म्युझिक अजिबात नको.

लांबीचं म्हणाल तर २०१४ साली फिलिप गुओ आणि त्याच्या बरोबरच्यांनी एडएक्स नावाच्या ऑनलाइन कोर्सेसवरचा अभ्यास छापला होता, त्यात व्हिडिओ कितीही लांब असो लोक साधारण सहा मिनिटांच्या पुढे फारसे टिकत नव्हते. आणि ते कॉलेजवाले, मोठे लोक. तुमची आठ वर्षांची आहेत. दीड मिनिट पुरे.

अ‍ॅनिमेशन नको, भाच्याला सांगा पुढच्या वर्षी.

खडूफळा

मी जरा उलटं बोलतो. बंद करा हे व्हिडिओ. ज्याला काड्यांचा गठ्ठा सोडून दहा काड्या मोजता येतात त्याला व्हिडिओ लागत नाही आणि ज्याला येत नाही त्याला व्हिडिओ बघून येणार नाही, पोहणं व्हिडिओ बघून येतं का? लॉकडाउनात सगळ्यांनी हेच केलं, रोज लिंका टाकायच्या, तक्ता भरायचा किती जणांनी बघितलं, वर पाठवायचा. शिकलं कोण? पोरांच्या हातात मोबाईल मात्र कायमचा गेला. बागेवरच्या पोराच्या पिशवीत शंभर काड्या आणि दहा रबरबँड घालून द्या, त्याच्या बापाला पाच मिनिटं समजावा. एवढंच.

मीठभाकर

@खडूफळा काड्यांबद्दल शंभर टक्के. पण बापाला पाच मिनिटं समजवायचं म्हणताय तो बाप पहाटे पाचला बागेत आणि रात्री आठला झोपडीत, त्याला समजवायला कोण जाणार, तेच तर मास्तर मोबाईलमधून करू बघतायत. लॉकडाउनचं म्हणाल तर २०२० मध्येच सह्याद्री वाहिनीवर टिलीमिली ही मुलांची मालिका लागायची, आठवते का? त्यात फळा नव्हता, मुलं घरात आईबाबांबरोबर काहीतरी करताना दिसायची, डबे डाळ पाट असलं घेऊन. माझा नातू ते बघून उठून स्वयंपाकघरात जायचा, वाट्या घेऊन यायचा. पडद्याला चिकटवणारा व्हिडिओ वेगळा आणि पडद्यावरून उठवणारा वेगळा.

आई_ऑन_ड्युटी

वाचनखूण साठवली. आणि माझा पण अनुभव लिहिते, शहरातला आहे पण रोग तोच.

मुलगी तिसरीत, पुण्यात सेमी इंग्लिशला. मागच्या वर्षी एका मोठ्या अ‍ॅपचं वर्षभराचं पॅकेज घेतलं, नाव लिहीत नाही, पैसे आठवले की त्रास होतो. सुंदर अ‍ॅनिमेशन, हत्ती काय माकड काय, आकडे नाचतायत, दशकांच्या पेट्या फट्कन फुटून दहा ठोकळे बाहेर येतात. तिने ४० तरी व्हिडिओ बघितले असतील, प्रत्येकाला स्टार मिळायचे. मग एकदा वहीत दिलं ६३ - २८ तर ४५. मी म्हटलं अगं ती पेटी फोडायची ना, तर म्हणाली "आई ती आपोआप फुटते."

आपोआप फुटते! तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की तिने एकही पेटी स्वतः फोडलेली नाही. सगळं तो हत्तीच करतोय.

दुसरं म्हणजे पॉज कोणी करत नाही हो. "आता व्हिडिओ थांबवा आणि उत्तर काढा" असं म्हणतात आणि दोन सेकंदात उत्तर सांगतात, मुलं कशाला थांबवतील? माझी तर दीडपट स्पीडने बघायची म्हणजे लवकर स्टार. आणि एक संपला की पुढचा आपोआप सुरू.

मग मी काय केलं तर अ‍ॅप बंद, आणि आम्ही उलटं केलं, ती टीचर आणि मी व्हिडिओ काढणार. तिला सांगितलं की आजीला वजाबाकी येत नाही (आजीने मस्त अ‍ॅक्टिंग केली), आजीसाठी व्हिडिओ कर. खेळण्यातल्या नोटा घेऊन बसली आणि समजावता समजावता मध्येच थांबली, "एक मिनिट, हे चुकतंय." स्वतःच! पाच टेक झाले. पाचव्यात बरोबर आलं. तो व्हिडिओ कुणी बघितला नाही, आजीने पण नाही, पण वजाबाकी आली.

नेकारकाठी

मी जर्मनीत श्टुटगार्टला असतो, मुलगा इथे दुसरीत, आणि शनिवारी मराठी शाळेत लहान मुलांना शिकवतो म्हणून लिहितोय. एक वेगळीच शंका आहे मास्तर. तुम्ही तोंडी आकडे सांगता तेव्हा पोरं ते नीट लिहितात का हे तपासलंय का? म्हणजे वजाबाकी बाजूलाच ठेवा, "सत्तावीस लिही" म्हटल्यावर ७२ लिहिणारी किती आहेत?

विचारायचं कारण, मराठीत आपण आधी एकक बोलतो मग दशक, बा-वन्न, सत्ता-वीस, आणि लिहिताना आधी दशक. जर्मनमध्ये पण हेच लफडं आहे, आइन-उंड-त्स्वान्त्सिग म्हणजे एक आणि वीस, त्यामुळे इथली मुलंही उलटे आकडे लिहितात, माझ्या मुलाला तर दोन्ही भाषांत सुटका नाही. नॉर्वेने १९५१ मध्ये अधिकृतपणे उलटं बोलणं सोडून वीस-एक असं सुरू केलं. आपल्याकडे २०१९ ला बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात वीस एक, वीस दोन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला आठवत असेल, विनोद, मीम्स, विधानसभेपर्यंत गेलं. मंगला नारळीकर तेव्हा गणित समितीच्या प्रमुख होत्या, जोडाक्षरांची आणि उलट्या क्रमाची अडचण त्या शांतपणे समजावत होत्या पण ऐकायला कोण तयार होतं. मला स्वतःला बावन्न त्रेपन्न सोडवत नाहीत, पण मुलाला एकोणसाठ शिकवताना त्या बाईंची आठवण येते. एकोणसाठ म्हटलं की त्याला साठ ऐकू येतं आणि तो ६ लिहून मोकळा होतो, मग ६९ की ६१ याचा विचार करतो. एक उणे साठ हे त्याला कोण सांगणार? वजाबाकी शिकायच्या आधी आकड्याच्या नावातच वजाबाकी!

तर व्हिडिओत काय करता येईल: "बावन्न" म्हणून लगेच लिहू नका. आधी दहाच्या पाच नोटा ठेवा, ठेवताना दहा वीस तीस चाळीस पन्नास म्हणा, मग दोन सुट्टे, एकावन्न बावन्न, आणि मग लिहा. हात जसा चालतो तसंच तोंड चाललं पाहिजे.

पाड्यावरचा_मास्तर

बापरे एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार, सगळं दोनदा वाचलं. बाईंना पण वाचून दाखवलं, त्या म्हणाल्या तुतारीचं बरोबर आहे.

@नेकारकाठी आज तपासलं. १० आकडे तोंडी सांगितले. ११ पैकी ३ जणांनी सत्तावीसचे ७२ केले, आणि एकोणपन्नासला तर ५ जण आडवे, ५९, ५१, एकाने नुसतेच ५०. मी चार महिने यांना वजाबाकी येत नाही म्हणत होतो, यांतल्या तिघांना मुळात कुठले आकडे वजा करायचेत हेच समजत नव्हतं. डोक्याला हात लावला.

@मीठभाकर त्या पोरीला विचारलं. तुम्ही म्हणालात तसंच निघालं, फक्त शब्द वेगळे, ती म्हणाली "बत्तीस, ना मग तीन वर चाळीस करायला आठ, मग एक नोट." ते "तीन वर" काय ते कळलं नाही, परत विचारलं तर लाजली. मग तिला वहीतलं ५० - ३२ दिलं, उभी मांडणी, तर उत्तर २२. तीच पोरगी, तेच आकडे, पाच मिनिटांच्या अंतराने. मी म्हटलं मघाशी तर १८ म्हणालीस, तर म्हणते "ते बाजारातलं ना सर, हे गणित आहे."

खडूफळा

"हे गणित आहे" 😀 घ्या!

हे मात्र खरं आहे बरं का, यावर ब्राझीलमध्ये काम झालंय. रेसिफे शहरातल्या रस्त्यावर नारळ वगैरे विकणाऱ्या पोरांचं, १९८५ साली छापलंय, करेहर आणि श्लिमान या मंडळींनी. गिऱ्हाईक बनून विचारलं तर ९८ टक्के उत्तरं बरोबर, तेच आकडे कागदावर नुसतं गणित म्हणून दिले तर ३७ टक्के. डीएडला असताना आमच्या सरांनी सांगितलं होतं, तेव्हा वाटलं तिकडचं काहीतरी असेल.

व्हिडिओला माझा विरोध अजून आहे. पण करणारच असाल तर बाजारापासून सुरू करा आणि वहीत येऊन थांबा. नोटा डावीकडे, वही उजवीकडे, एकाच फ्रेममध्ये. नोट मोडली की त्याच क्षणी वहीतला ५ खोडून ४ करायचा, आधी नाही नंतर नाही. दोन्ही एकच आहेत हे पोराला सांगायचं नाही, दिसू द्यायचं.

रीळवाला

@खडूफळा हा जबरी शॉट आहे, विरोधकाकडून आलाय म्हणून जास्तच.

@मास्तर आणखी एक. चुकीचं उत्तर आधी दाखवा. यूट्यूबवरचा व्हेरिटासियम चॅनेलवाला डेरेक म्युलर आहे ना, त्याची २००८ ची पीएचडी यावरच आहे. भौतिकशास्त्राचे व्हिडिओ होते, नुसतं स्वच्छ नीट समजावून सांगितलेलं बघून पोरं म्हणायची वा छान, सोप्पं आहे, आणि परीक्षेत पुन्हा तेच जुनं चुकीचं लिहायची. ज्या व्हिडिओत आधी लोकांचा गैरसमज मांडून मग तो खोडला होता तो बघताना त्यांना अवघड वाटला, गोंधळ वाटला, पण शिकली जास्त. म्हणजे तुमच्या पोरांना व्हिडिओ "जाम आवडतात" ना, तीच धोक्याची घंटा आहे बघा.

सोनचाफा७४

मध्येच एक आजोबांची अडचण. आमच्याकडे नातीला शाळेत दशक सुटा करून शिकवतात आणि माझे यजमान जुन्या पद्धतीने, "बारातून सात गेले पाच, हातचा एक, दोन आणि एक तीन, पाचातून तीन गेले दोन." उत्तर २५ च येतं पण ते वरच्या पाचाला हात लावत नाहीत, खालच्या दोनाचे तीन करतात. नात म्हणते आबांचं चूक, आबा म्हणतात तुझ्या बाईंना येत नाही. घरात महाभारत. हे बरोबर कसं येतं कुणी सांगेल का? माझं लग्न वाचेल.

मीठभाकर

@सोनचाफा७४ आबांचं पण बरोबर आहे. त्यांनी वरच्या आकड्यात दहा सुट्टे मिळवले आणि खालच्यात एक दशक मिळवला, दोन्हीकडे दहा दहाच वाढले मग फरक तोच राहणार ना. समजा माझं वय ५२, मुलाचं २७, दहा वर्षांनी ६२ आणि ३७, अंतर २५ च. खरं तर उसना घेऊन परत करणारे आबाच, आपण बाकीचे घेऊन पळालेलो. पण नातीला सध्या एकच पद्धत राहू दे, दोन्ही एकदम झाल्या की ती वरचा पण खोडते आणि खाली पण वाढवते, मग १५ येतात, वर्गात बघितलंय मी हे. मास्तर तुमच्या घरांतले आजोबा कसं करतात ते पण विचारून घ्या, व्हिडिओ बघून झाल्यावर पोरगं त्यांच्याकडेच जाणार आहे.

आई_ऑन_ड्युटी

मला एक वाटतं, सगळे खान अकॅडमीच्या शिकवणीच्या व्हिडिओंचं उदाहरण देतात, मराठीत पण आहे ते, पण तो सलमान खान (आपला नव्हे) २००४ मध्ये नात्यातल्या नादिया नावाच्या मुलीला शिकवत होता ते फोनवर. ती न्यू ऑर्लिन्सला हा बॉस्टनला, फोनवर बोलायचं आणि कॉम्प्युटरवर दोघांना दिसेल अशा पाटीवर लिहायचं. यूट्यूबवर तो २००६ ला आला. म्हणजे आधी दोन वर्षं समोरच्या मुलीचे प्रश्न ऐकलेले होते त्याने. मास्तरांकडे तर ११ जणी-जण समोर आहेत, त्यांचेच प्रश्न घ्या ना व्हिडिओत. आणि व्हिडिओच्या शेवटी उत्तर देऊच नका! उत्तर पोराने व्हॉइस मेसेज करून पाठवायचं. नाहीतर थांबायचं कारण काय?

पाड्यावरचा_मास्तर

तीन आठवड्यांनी येतोय, बागांचा हंगाम आणि वर शाळेचं ऑनलाइन माहिती भरणं, माफी.

केलेलं सांगतो. जुने १४ ग्रुपवरून काढले नाहीत पण नवीन ४ केले. पहिला १ मिनिट २० सेकंदांचा. पुस्तकांच्या चळती, वर पोळपाट, त्यावर मोबाईल, वजनाला शाळेची घंटा. डावीकडे नोटा, उजवीकडे वही. हात माझे नाहीत, त्या भाजीवाल्या पोरीचे. सुरुवातच अशी की वहीत ५२ - २७ = ३५ लिहिलेलं आहे आणि ती समोर नोटा मांडते, बावन्नातले सत्तावीस द्यायला बघते, दहाच्या दोन नोटा दिल्या, आता सात सुट्टे द्यायचे तर हातात दोनच. इथे मी १५ सेकंद काहीच बोललो नाही. नुसता तिचा हात, दोन नाणी, मागे कोंबडा ओरडतोय. मग ती स्वतः एक नोट उचलते, सुट्टे करते. वहीत ५ चा ४, २ चे १२. आणि तिथे व्हिडिओ संपला. उत्तर नाही. खाली लिहिलं, उत्तर बोलून पाठवा आणि ३५ वाल्याला काय सांगाल ते पण बोला.

पहिल्या दिवशी २ मेसेज आले. वाटलं फसलं. मग कळलं बापाचा नेटपॅक संध्याकाळपर्यंत संपलेला असतो, म्हणून सकाळी टाकायला लागलो, कामाला जाताना उतरून राहतो आणि रात्री नेट नसलं तरी बघता येतो. दुसऱ्या आठवड्यात ८ मेसेज. एका पोराने मागून बापाचा आवाज येतोय असा पाठवला, "अरे येड्या नोट मोड ना आधी", बाप शाळेत कधी आला नाही माझ्या.

परवा जे पोरं इथे आहेत त्या सहा जणांना वहीत दिलं, चार जणांचं बरोबर. एकाचं अजून ३५. एक जण सगळीकडेच नोट मोडतो, ५८ - २३ ला पण मोडली, म्हणजे नवीन आजार. बागेवरच्या पाच जणांचं आल्यावर कळेल. उलट्या आकड्यांच्या तिघांसाठी आता वेगळा व्हिडिओ करतोय, नुसते आकडे ठेवायचे, वजाबाकीचं नावच नाही.

@मीठभाकर आता एक नवीन अडचण आलीय. व्हॉइस मेसेजवर एका पोराने विचारलंय, "सर ५०३ मधून १६८ द्यायचे असले तर? मधल्याकडे काहीच नाही, मग सुट्टे कोणाकडून घ्यायचे?" मी उत्तर दिलं नाही, तुम्हाला विचारल्याशिवाय म्हटलं नको.

मीठभाकर

त्यालाच ५०३ रुपये द्या हातात, शंभराच्या पाच नोटा आणि तीन सुट्टे, आणि शूटिंग चालू ठेवून दुकानदार व्हा, काही सुचवू नका. बहुतेक पोरं शंभर मोडून सरळ शंभर सुट्टेच मागतात, तेवढे देऊ नका, म्हणा माझ्याकडे दहाच्याच नोटा आहेत. मग दहा नोटा घेतील, त्यातली एक परत मोडायला आणतील, आणि मधल्या घरात नऊ उरलेले बघून थबकतील. वहीत ४, ९, १३ लिहायचं ते तेव्हा. त्या नवापाशी किती वेळ थांबतो ते मोजा आणि तो भाग कापू नका.

रीळवाला

आणि यावेळी घंटेच्या जागी दुसरं काहीतरी वजन ठेवा, ती वाजली तर पोरं सुटली म्हणून पळतील.